फुलांच्या कडेचा हिशेब

बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला वसंत ऋतू ठाऊक नसतो, असे मी म्हटले तर काहींना ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु आपल्या समाजातील बहुतेक घरांत दुकान नाही तर पेढी असते. मार्चअखेर म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. फाल्गुनात काटेसावर आणि पळस फुलतात, पांगारा लाल होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत शाखेत व्याजाच्या नोंदी, थकीत खात्यांच्या याद्या आणि ताळेबंदाची जुळवाजुळव चाललेली असते. ३१ मार्चच्या रात्री घरी परतताना रस्त्यात कोणते झाड फुलले आहे, हे पाहण्याचे त्राण डोळ्यांत उरत नसे. १ एप्रिलला ग्राहकांसाठी बँक बंद. आम्ही मात्र आतच.

माझी पत्नी दर वर्षी जेवताना सांगत असे, "अहो, कोपऱ्यावरची सावर फुलली." मी "हं" म्हणत असे. माझ्या नोकरीतील बहुतेक सारे वसंत त्या एका "हं"मध्ये गेले.

मे २०१८ मध्ये मी निवृत्त झालो. मुलाने आणि सूनबाईंनी मला कॅमेरा भेट दिला आणि सोबत जवळची वस्तू टिपणारे मॅक्रो भिंग दिले. इतकी वर्षे आकड्यांकडे पाहिलेला माणूस फुलांकडे काय पाहणार, असे मला वाटले होते. पण २०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघे पहाटे पुण्याच्या तळजाई टेकडीवर जाऊ लागलो आणि मला त्या छंदाने पुरते धरले. टेकड्यांवर वन खात्याने लावलेली गिरिपुष्पाची झाडे तेव्हा फिकट गुलाबी फुलांनी लगडलेली होती. कुठे पळसाची एखादी फांदी हाताच्या उंचीवर मिळे. सावरीची फुले उंच. पण मैना आणि बुलबुल मध खाऊन गेले की ती जाड पाकळ्यांची फुले धप्पकन खाली पडतात, आणि छायाचित्रासाठी जमिनीवर आयती मिळतात.

पहिल्याच दिवशी पत्नीने तीन अटी घातल्या. फूल तोडायचे नाही. फांदी ओढून वाकवायची नाही. पाणी शिंपडून खोटे दव करायचे नाही, कारण त्यात बसलेल्या मुंग्यांचा आणि किड्यांचा जीव जातो. मी त्या मान्य केल्या. पुढे मी छायाचित्रणाचे वाचन सुरू केले, तेव्हा कार्ल ब्लॉसफेल्ट या जर्मन शिक्षकाचे १९२८ साली प्रसिद्ध झालेले वनस्पतींच्या छायाचित्रांचे पुस्तक माहीत झाले. कोंब, कळ्या आणि पाने त्याने इतकी मोठी करून दाखवली आहेत की ती देवळाच्या खांबांसारखी भासतात. मी ती चित्रे कौतुकाने पत्नीला दाखवली. तिने एवढेच विचारले, "ही तोडून आणलेली ना?" होती खरी तोडून आणलेली.

अटी पाळायच्या तर मदतनीस हवा. जवळून छायाचित्र घेताना फुलाचा जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो; पुंकेसर स्पष्ट असतील तर मागची पाकळी धूसर होते. वाऱ्याची झुळूक आली की सारे हलून जाते. म्हणून ती दोन बोटांनी देठाला आधार देई. ऊन कडक असले तर काळी छत्री धरी. पळसाचे फूल उजळ आकाशापुढे काळपट दिसे, तेव्हा ती मागे उभी राहून आपल्या गडद निळ्या साडीचा पदर पसरे. त्या निळ्यासमोर पळसाचा केशरी रंग आणि देठाकडचा मखमली, जवळजवळ काळा कोश असा उठून दिसे की पाहत राहावे.

अर्थात मला फूल हवे होते, बोटे नको होती. मी सारखा सांगत असे, "जरा मागे सरक, सावली पडते आहे. बोट आत आले. बांगडी चमकते आहे." ती सरके. तरीही जे चौकटीत यायचे ते येईच. मग घरी येऊन संगणकावर मी ते कापून टाकी.

कापण्याचे हे काम, ज्याला सगळे क्रॉप करणे म्हणतात, मी बँकेच्या शिस्तीने शिकलो. ज्यांच्या घरी मुले-नातवंडे मोबाइलवर फुले टिपतात, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून त्यातले थोडे येथे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे कापण्याला किंमत असते. माझ्या कॅमेऱ्याचे छायाचित्र ६००० बिंदू रुंद आणि ४००० बिंदू उंच, म्हणजे एकूण २ कोटी ४० लाख बिंदूंचे असते. दोन्ही बाजू निम्म्या केल्या तर आपल्याला वाटते की निम्मे कापले. प्रत्यक्षात उरते एक-चतुर्थांश, ६० लाख बिंदू. चांगल्या छपाईला इंचामागे ३०० बिंदू धरले, तर पूर्ण छायाचित्र २० इंच रुंद छापता येते आणि कापलेले फक्त १० इंच. भांडवल काढून घेतले की व्यवहाराचा आकार लहान होतो, तसेच हे. म्हणून आळसाने दुरून टिपून नंतर कापण्यापेक्षा दोन पावले पुढे जाणे केव्हाही बरे.

दुसरी गोष्ट कडांची. आपली नजर फुलावर असते आणि चूक कडेला असते. कोपऱ्यातला पांढरा खडा, आडवी आलेली काडी, उन्हाचा एक ठिपका यांच्याकडे पाहणाऱ्याचे लक्ष आधी जाते. पाकळीचे टोक चौकटीच्या कडेला नुसते टेकलेले असेल तर ते डोळ्याला खुपते. कापायची तर पाकळी निःसंकोच आत कापावी, नाही तर तिच्याभोवती मोकळी जागा ठेवावी. फूल ज्या बाजूला तोंड करून आहे, त्या बाजूला थोडी अधिक जागा सोडावी. समोरच भिंत असलेले फूल गुदमरल्यासारखे दिसते.

तिसरी गोष्ट रंगाची. नवशिक्याचा हात पहिल्यांदा रंग वाढवण्याकडे जातो. पळसाच्या बाबतीत हे फार महाग पडते. त्याच्या केशरी रंगात लाल घटक मुळातच काठोकाठ असतो. तो आणखी वाढवला की पाकळीवरच्या बारीक शिरा बुडतात आणि फूल रंगाचा गोळा होऊन बसते. टिपतानाच प्रकाश किंचित कमी घ्यावा आणि नंतर रंग वाढवण्याऐवजी थोडा उतरवून पाहावा. शिरा परत दिसू लागतात. भुकटीसारखा पराग, पाकळीवरची लव, हे सारे संयमाने मिळते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती मी सर्वांत उशिरा शिकलो. मूळ छायाचित्राला हात लावायचा नसतो. आपल्या वडिलांच्या पेढीवर रोजमेळात चुकीची रक्कम पडली तर कोणी पान फाडत नसे. बँकेतही खोडरबर चालत नाही. चूक एका रेघेने छेदून, वाचता येईल अशी ठेवून, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. किंवा दुरुस्तीची स्वतंत्र नोंद टाकायची. पस्तीसहून अधिक वर्षे हा नियम कनिष्ठांना शिकवणारा मी, छायाचित्रांच्या बाबतीत मात्र तो विसरलो. २०१९ आणि २०२० या दोन वसंतांत मी प्रत्येक छायाचित्र कापले आणि त्याच नावाने जतन केले. संगणकात जागा वाचते, असा काटकसरीचा विचार त्यामागे होता. मूळ चित्र कायमचे गेले.

२०२१ मध्ये मुलाने माझ्या संगणकावर लाइटरूम ही प्रणाली बसवून दिली. ही प्रणाली २००७ पासून प्रचारात आहे आणि तिची पद्धत आपल्या जुन्या मुनीमजींना आवडली असती. ती मूळ छायाचित्र तसेच ठेवते आणि आपण काय कापले, कोणता रंग किती बदलला, याच्या सूचना वेगळ्या नोंदवते. पडद्यावर दिसते ते मूळ अधिक नोंदी. एक कळ दाबली की सर्व नोंदी रद्द होऊन मूळ पुढे येते. त्या वेळी मला ही केवळ सोय वाटली होती.

एक आठवण येथे सांगितली पाहिजे. २०२३ मध्ये आमच्या निवृत्त सहकाऱ्यांच्या स्नेहमेळाव्यात माझी वीस छायाचित्रे मांडली होती. पळसाच्या चित्रापुढे लोक थांबत. एका जुन्या सहकाऱ्याने विचारले, "ही गडद निळी पार्श्वभूमी कशी साधलीत?" मी सहज बोलून गेलो, "लेन्सची कमाल आहे." पत्नी हातात बशी घेऊन शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. घरी परतताना रिक्षात मात्र हसून म्हणाली, "तुमच्या त्या लेन्सला इस्त्री मीच करते बरं का."

मीही हसलो. ताळेबंद आकर्षक दिसावा म्हणून मार्चअखेरीस केलेल्या सजावटीला आम्ही विंडो ड्रेसिंग म्हणत असू. असे ताळेबंद घेऊन येणाऱ्या कर्जदारांना मी अनेकदा परत पाठवले होते. माझ्या त्या उत्तरालाही हेच नाव द्यायला हवे होते, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले नाही.

२०२४ च्या श्रावणात ती गेली. आजारपण थोड्याच दिवसांचे. त्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही.

श्रद्धांजली सभेसाठी आणि याच मासिकाच्या पानासाठी तिचे छायाचित्र हवे होते. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्याकडे असेलच एखादे अलीकडचे." मी संगणकापाशी बसलो. फुलांची चार हजारांहून अधिक छायाचित्रे होती. पळस होता, सावर होती, पांगारा होता, कांचन होता, गच्चीवरचा मोगरा होता. तिचे एकही नव्हते. सहा वसंत ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि माझ्या हातात चांगला कॅमेरा होता. अखेर मुलाच्या लग्नातले, २०११ सालचे छायाचित्र द्यावे लागले. भेटायला आलेल्यांपैकी काहींनी म्हटले, "किती तरुण दिसतात यात." मी मान खाली घालून ऐकून घेतले.

दिवाळीनंतर एका दुपारी मी पळसाचे एक जुने छायाचित्र उघडून ती कळ दाबली. सूचना रद्द झाल्या आणि चौकट चहूबाजूंनी मोठी झाली. फूल लहान होऊन मध्यभागी गेले. डाव्या कडेला देठ धरलेली दोन बोटे आली, त्यातल्या एकावर पोळ्या करताना भाजल्याचा डाग. वर पदराचा काठ. खाली गवतावर तिच्या छत्रीची सावली.

मग मी एकेक करून २०२१ पासूनची सर्व छायाचित्रे मूळ स्वरूपात पाहिली. त्याला आठ दिवस लागले. हिशेबाची सवय जात नाही, म्हणून टिपण ठेवत गेलो. ती अंशतः का होईना दिसते अशी २०८ छायाचित्रे निघाली: बोटे किंवा मनगट १२६, पदर ४८, नुसती सावली ३१, आणि चेहरा ३. या २०८ पैकी एकही मी तिच्यासाठी टिपलेले नव्हते. सगळी माझ्या दृष्टीने सदोष होती, आणि प्रत्येकातला तो दोष मी काळजीपूर्वक कापला होता. २०१९ आणि २०२० ची छायाचित्रे मात्र तशीच राहिली. त्यांत फुले आहेत. त्यांच्या कडेला काय होते, ते आता कळायचा मार्ग नाही.

चेहऱ्याच्या तिन्ही छायाचित्रांत ती धूसर आहे, कारण भिंगाचा रोख फुलावर होता. त्यांतल्या एकात ती वाकून फुलाकडे पाहते आहे. चष्मा किंचित खाली आला आहे आणि ओठ मिटलेले आहेत, कारण श्वासाने पाकळी हलेल अशी तिला भीती असे. मुलाने ते पाहिले आणि म्हणाला, "बाबा, आता कृत्रिम बुद्धिमत्तेने धूसर चेहरा स्पष्ट करता येतो. करून पाहू." त्याचा हेतू चांगला होता आणि मलाही मोह झाला. काही क्षणांत पडद्यावर स्वच्छ, रेखीव चेहरा उमटला. सूनबाई म्हणाल्या, "छान आहे, पण या आई नाहीत."

खरे होते ते. तिच्या गालावर कांजिण्यांचा लहानसा व्रण होता; प्रणालीने तो डाग समजून बुजवला होता. चष्म्याची काडी वेगळी बसवली होती. जे कॅमेऱ्याने टिपलेच नव्हते ते तिने अंदाजाने भरले होते. मला एकदम आठवले की मीही पाकळ्यांवरची किड्यांनी पाडलेली छिद्रे अशीच बुजवत आलो होतो आणि त्या चित्रांना वाहवा मिळवली होती. ज्या नोंदीला मूळ पावतीचा आधार नाही ती नोंद खोटी, मग रक्कम कितीही बरोबर दिसो. आम्ही तो चेहरा पुसून टाकला. धूसर आहे ते धूसरच ठेवले.

याचा अर्थ छायाचित्रे कापूच नयेत, असा मी काढलेला नाही. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हा थोर फ्रेंच छायाचित्रकार कापण्याच्या विरुद्ध होता. चौकट टिपतानाच पक्की झाली पाहिजे, असा त्याचा आग्रह. तरीही पॅरिसच्या सेंट-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्याचे १९३२ सालचे प्रसिद्ध छायाचित्र कापलेलेच आहे, कारण ते कुंपणाच्या फटीतून घेताना एका बाजूला अडथळा आला होता. एवढ्या नियमनिष्ठ माणसालाही अपवाद करावा लागला, तेथे आपली काय कथा. फूल नीट दिसावे म्हणून कडेची काडी कापण्यात गैर काही नाही. पण कापण्यापूर्वी ती काडी आहे की आधार, हे एकदा पाहून घ्यावे, आणि मूळ चित्र जपून ठेवावे, एवढेच मी आता मानतो. मी केली ती चूक कापण्याची कमी होती. कोणी विचारल्यावर कापलेला भाग मी सांगितला नाही, ती मोठी होती.

गेल्या डिसेंबरच्या स्नेहमेळाव्यात मी त्या सहकाऱ्याला मुद्दाम गाठले आणि सांगितले की ती निळी पार्श्वभूमी म्हणजे माझ्या पत्नीची साडी होती. तो प्रश्न त्याच्या लक्षातही नव्हता. तरी त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

यंदाच्या फाल्गुनात टेकडीवर जावे की नाही, असा प्रश्न होता. नात दहा वर्षांची आहे, तिने स्वतःच विचारले, "आजोबा, आजी धरायची तसे फूल मी धरू?" आम्ही गेलो. पळस नेहमीसारखाच फुलला होता. माणूस गेले म्हणून ऋतू थांबत नाही, आणि कुठेही जा, पळसाला पाने तीनच. तिने आजीच्या तिन्ही अटी मला जशाच्या तशा ऐकवल्या. त्या तिला पाठ आहेत हे मला ठाऊक नव्हते. मग तिने दोन बोटांनी देठाला आधार दिला आणि श्वास रोखून उभी राहिली.

घरी संगणकावर चित्र उघडले तेव्हा ती म्हणाली, "माझी बोटं आली आहेत. कापा ना." मी तिला लाइटरूमची पद्धत दाखवली. एका प्रतीत बोटे कापली, कारण फूल खरोखर सुंदर आले होते. दुसरी प्रत तशीच ठेवली आणि तिच्याखाली तारीख, ठिकाण आणि देठ कोणी धरले त्याचे नाव लिहिले. आता प्रत्येक छायाचित्रासोबत एवढी नोंद ठेवण्याचा मी नियम केला आहे.

आमच्या बैठकीच्या खोलीत आता एकच छायाचित्र आहे. त्यात पळसाचे फूल शिरांसकट स्पष्ट दिसते, आणि मागे माझी पत्नी धूसर आहे. येणारे पाहुणे विचारतात की हे असे अर्धवट का लावले. मी त्यांना चहा होईपर्यंत सारी हकीकत सांगतो.

वाचकांना एकच विनंती आहे. येत्या सुटीत आपल्या घरातील जुनी छायाचित्रे, कापण्यापूर्वीची, एकदा उघडून पाहावीत. मध्यभागी काय आहे ते आपल्याला माहीत असते. कडेला कोण उभे आहे, तेवढे पाहावे. आणि ते माणूस घरात असेल, तर उद्या सकाळच्या उजेडात कॅमेऱ्याचा रोख त्याच्यावर धरावा.